आप्पांचा कॉलर माईक

नगरच्या त्या फिल्म कोर्सात कामं चिठ्ठ्या टाकून ठरत. ज्याला जे हवं ते त्याला सहसा मिळू नये, अशी कल्याण सरांची श्रद्धा होती, आणि चिठ्ठ्याही बहुधा सरांच्याच पक्षाच्या असाव्यात. प्रज्ञाला कॅमेरा हवा होता, तिला आवाज मिळाला. चेतनला पहाटे उठून उजेड बघायचा कंटाळा, त्याला कॅमेरा मिळाला. पंकजाच्या वाट्याला अभिनय आला तेव्हा ती रडायलाच लागली, आणि सर म्हणाले, बघा, जमतंय की. एकट्या धनश्रीच्या चिठ्ठीत तिला हवं तेच निघालं, लेखन आणि दिग्दर्शन. तिनं ती चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमध्ये घालून ठेवली.

चौघांनी मिळून दहा मिनिटांची गोष्ट करायची. शूटिंग तीन दिवस, गुरुवार ते शनिवार. सामान सोमवारी सकाळी परत. मग महिनाभर नगरला बसून एडिटिंग. सर शूटिंगला येणार नव्हते. बुडलात तर तुमचे तुम्ही बुडा, असं त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं.

धनश्रीच्या गोष्टीत एक बाप होता आणि एक मुलगी. मुलीला शिकायला बाहेरगावी जायचंय, बाप हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, आणि शेवटी स्वतःच तिला एसटीत बसवून देतो. मुलीचं काम पंकजा करणार होती. बापाच्या कामाला धनश्रीनं आपलाच बाप घेतला. उत्तमराव त्यांचं नाव, पण घरात आणि गावात सगळे आप्पाच म्हणत. खर्ड्याच्या अलीकडच्या एका वाडीत त्यांचं घर, दारात दूध संकलन केंद्र, आणि यात्रेच्या नाटकात पंधरा वर्षं राजाचं काम. गुडघे धरल्यावर सिंहासनावर बसता येईना, तेव्हा त्यांनी राज्य सोडलं होतं. लेकीनं विचारलं तेव्हा एक दिवस त्यांनी भाव खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून तयार झाले.

बुधवारी संध्याकाळी चौघं वाडीत उतरली. आप्पांनी एकेकाचं आडनाव विचारलं. प्रज्ञा म्हणाली, गायकवाड, कोपरगावकडची, वडील साखर कारखान्यात. गायकवाड हे आडनाव मोठं सोयीचं, सगळ्यांत असतं. त्यामुळे आप्पांना अंदाज बांधता येईना आणि पुढं विचारता येईना. मग प्रज्ञाच्या आईचा फोन आला आणि तिनं सवयीनं "जय भीम, मम्मी" म्हणून तो घेतला. त्यानंतरचा चहा कागदी कपांतून आला. चौघांनाही कागदीच, बरं का. भेदभाव म्हणून कुणी बोट ठेवू नये याची आप्पांच्या घरानं पुरेपूर काळजी घेतली होती. प्रज्ञानं चहा घेतला. चहा चांगला होता, हे तिला जास्त लागलं.

गुरुवारी काम सुरू झालं. आप्पांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू जाईल असा, यात्रेतला. धनश्री त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसून म्हणाली, "आप्पा, हळू. माईक तुमच्या कॉलरमध्येच आहे. मनात बोलल्यासारखं बोला."

"मनातलं आसं मोट्यानं कोन बोलतंय?" आप्पा म्हणाले, पण बोलले. पुढच्या टेकला ते इतकं खरं बोलले की कानाला हेडफोन लावलेली प्रज्ञा जागच्या जागी थिजली. स्वयंपाकघराच्या दारात धनश्रीची आई, विजयमालाकाकू, पदर तोंडाला लावून हसत होत्या. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं कुणाचं ऐकलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. तेवढ्यात प्रज्ञाकडून चूक झाली, आणि ती आवाजवाल्या सगळ्यांची होते तशीच झाली. रेकॉर्डर बंद करायचा राहिला आणि हेडफोन कानावरच राहिले. आप्पा फोन घेऊन कडब्याच्या गंजीमागं गेले. कॉलरचा माईक त्यांच्याबरोबर गेला.

"भिमाजी, आईक," आप्पा मेव्हण्याशी बोलत होते, धनश्रीच्या मामाशी. "शनिवारी ह्यांचं शूटिंग सपतंय. रविवारी सुपारी फोडून टाकू. पोराकडची मानसं धाला आनायची. न्हाई, न्हाई, तिला कळायचं काम न्हाई. कळलं तर ती आजच बसंल एस्टीत. होस्टेलचं सामान सोमवारी टेम्पोत घालून आनू. झालं शिक्शान. पिच्चर काढायचा हुता, काढला की. बापानं काम सुदीक केलं तिच्या पिच्चरमधी, आनि काय पायजे?"

मग ते हसले. दुष्ट माणसासारखं हसले असते तर सोपं होतं. ते एखाद्या लेकरासाठी खाऊ लपवून ठेवलेल्या माणसासारखे हसले.

प्रज्ञानं हेडफोन काढले. समोर अंगणात धनश्री हातावर भाकरी घेऊन चेतनला पुढचा शॉट समजावत होती, आणि बोलण्याच्या नादात घास तोंडात घालायचं विसरत होती.

आता सांगून टाकायचं, एवढंच होतं. पण ते एवढंच नव्हतं, हे प्रज्ञाला भाकरी संपेपर्यंत कळून चुकलं. कल्याण सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, साउंडवाला म्हणजे डॉक्टर. कॉलर माईकमधून आलेलं खासगी कानातच पुरायचं. आदल्या बॅचमध्ये कुणी तरी ते पुरलं नाही आणि दोन मैत्रिणींचं कायमचं फाटलं. ते एक सोडा. सांगितलं तर धनश्री आजच बापाशी भांडणार, बाप माईक काढून फेकणार, पिक्चर संपलं, चौघं नापास. आणि सगळ्यांच्या आधी, लोक काय म्हणणार ते ठरलेलं होतं. घरात घेतली, ताटाला बसवली आणि तिनंच घर फोडलं. शेवटी जात दाखवली. हे वाक्य अजून कुणी बोललं नव्हतं, तरी प्रज्ञाला ते स्वच्छ ऐकू येत होतं, हेडफोन न लावता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं तिचं झालं.

आणि न सांगितलं तर? तर सोमवारी सामान परत द्यायला ती, चेतन आणि पंकजा तिघंच जाणार, आणि सर विचारणार, दिग्दर्शक कुठंय?

शुक्रवारी सकाळी तिनं ठरवलंच. धनश्री नळावर दात घासत होती, तिथं जाऊन उभी राहिली. मागं धुण्याचा ढीग घेऊन धनश्रीची चुलती बसली होती. तरी प्रज्ञानं तोंड उघडलं, तेवढ्यात धनश्रीच म्हणाली, "तुला एक सांगू? काल आप्पा झोपायच्या आधी मला विचारत होते, उद्याचे माझे शब्द कोणते गं. माझे शब्द, मी लिहिलेले, ते पाठ करत बसले होते. मला दहावीनंतर पुढं शिकवायला आईनं दोन दिवस जेवण सोडलं होतं, माहितीये? तोच माणूस. मी पिक्चर केलं म्हणून झालं हे." तिच्या तोंडाला फेस होता आणि डोळ्यांत पाणी. प्रज्ञा म्हणाली, "आज बॅटऱ्या जपून वापरायला लागतील," आणि परत आली. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता.

त्या घरात दोन माणसांनी एकटं बोलावं अशी जागाच नव्हती. शूटिंग बघायला अर्धी वाडी यायची. संडासला जाताना बरोबर चुलती, गच्चीवर पापड, दारात दूध घालायला आलेले लोक. आपलं घर आहे म्हणून धनश्रीला ते कळत नव्हतं. प्रज्ञाला दुसऱ्या दिवशी श्वास घेताना सुद्धा कुणी तरी बघतंय असं वाटायला लागलं.

दुपारी आणखी एक भर पडली. आप्पा परत कडब्यामागं गेले. या वेळी प्रज्ञानं मुद्दाम हेडफोन काढले नाहीत, आणि हे तिनं नंतर कधी स्वतःपासून लपवलं नाही. फोन नव्हता. आप्पा एकटेच शेवटच्या प्रसंगाची तालीम करत होते.

"जा," ते म्हणाले. थांबले. "जा बाळा." मग पुन्हा, आणखी हळू, "जा बाळा. म्या हाय हितं." नाक ओढल्याचा आवाज आला. कालचा आवाज आणि हा आवाज एकाच कॉलरमधून आला होता. यातला खोटा कोणता ते प्रज्ञाला सांगता येईना, आणि दोन्ही खरे असतील तर माणसानं काय करायचं तेही कळेना.

संध्याकाळी माजघरातलं काम संपलं. आप्पा पलंगावर बसून चहा घेत होते, काकू चटया घालत होत्या, पंकजा वेणी सोडत होती, दारात चार बायका उभ्या होत्या. प्रज्ञाच्या मांडीवर रेकॉर्डर होता. आणि तिला एकदम दिसलं, की या घरात एकांत असा एकच आहे आणि तो तिच्या गळ्यात लटकतोय.

"धनश्री," ती म्हणाली, "साउंड रिपोर्टवर सही हवी. आधी ऐकून घे. कालचा दुपारचा टेक."

"उद्या ऐकते गं."

"आत्ता ऐक. सरांचा नियम आहे." असला नियम नव्हता.

धनश्री शेजारी येऊन बसली. प्रज्ञानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले, ती फाईल लावली आणि तिचं मनगट धरून ठेवलं.

एक मिनिट दहा सेकंद. प्रज्ञानं आकड्यांकडं बघितलं, तोंडाकडं नाही. मनगटातली नाडी मात्र तिला बोटांना लागत होती, आधी संथ, मग धावत सुटलेली. तीन फुटांवर आप्पा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. "कसं झालंय गं?" त्यांनी लेकीला विचारलं. धनश्रीला ते ऐकू आलं नाही. तिच्या कानात तेच आप्पा दुसरं काही बोलत होते.

तिनं हेडफोन काढले. चेहरा तसाच होता, फक्त ओठ पांढरे झाले होते. "काय म्हणालात आप्पा?"

"म्हनलं, कसं झालंय माजं?"

"लई खरं झालंय," धनश्री म्हणाली. तिनं रिपोर्टवर सही केली आणि पाणी प्यायला आत गेली. सही नेहमीसारखीच होती, शेवटच्या रेघेसकट.

शनिवारी सकाळभर ती प्रज्ञाशी कामापुरतं बोलली. हा शॉट, तो शॉट, बूमची काठी वर घे. प्रज्ञाला वाटलं, हिला राग आलाय. मग वाटलं, हिनं मान तुकवली. मग वाटलं, मी हे तिच्या कानात ओतून स्वतः मोकळी झाले. आणि मोकळीही झाली नव्हतीच. रविवारचे दहा तिच्याही छातीवर बसले होते.

शेवटचा प्रसंग बसथांब्यावरचा. खर्ड्याहून जामखेडला जाणारी एसटी साडेतीनला वाडीच्या थांब्यावर अर्धा मिनिट थांबते. रिटेक नाही. मुलगी बसमध्ये चढणार, बस निघून जाणार, बाप बघत राहणार. चढलेल्या मुलीनं दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर उतरायचं आणि चेतननं तिला मोटारसायकलवर परत आणायचं, असं ठरलं होतं.

तीन वाजता धनश्री म्हणाली, "पंकजा, तुझे कपडे दे. चढायचं मी करते. लांबून पाठमोरा शॉट आहे, कळणार नाही. तू फाट्यावर चुकशील, मला रस्ता माहितीये." पंकजाला धावत्या एसटीची भीतीच होती, तिनं देवाचे आभार मानले. आप्पा खूश झाले. "मंग मला लई सोपं जाईल," ते म्हणाले. "सख्खी लेकच हाय म्हनल्यावर आपसूक येतंय."

मग धनश्री प्रज्ञाकडं आली. "मला पण माईक लाव."

"पाठमोरी आहेस. तुला बोलायचं नाही काही."

"तरी लाव."

प्रज्ञानं तिच्या कॉलरला माईक लावला. दोघींचे चेहरे एका वितीवर आले होते. धनश्रीनं तिच्याकडं बघितलं. खांद्याला गोष्टीतल्या मुलीची पिशवी होती. पंकजाच्या खांद्यावर असताना त्या पिशवीत वर्तमानपत्रं कोंबलेली असायची. आता तिचा बंद खांद्यात रुतला होता.

थांब्यावर जत्रा जमली होती. चहावाल्या बजरंगनं दुकान बंद करून बाकडं रस्त्यावर आणलं होतं. प्रज्ञानं हेडफोन लावले, डाव्या कानात बाप, उजव्या कानात लेक. दोघांचेही श्वास येत होते.

एसटी आली, थांबली. चेतन म्हणाला, "ॲक्शन."

धनश्री दोन पावलं चालली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा बाळा," ते म्हणाले, "म्या हाय हितं." कडब्यामागं म्हणाले होते तसंच, त्याच्याहून हळू. उजव्या कानात धनश्रीचा श्वास अडकला. मग ती वाकली आणि बापाच्या पाया पडली. ते संहितेत नव्हतं. ती चढली. दार लागलं. घंटी झाली.

उजव्या कानात कंडक्टर म्हणाला, "कुठं?"

"जामखेड," धनश्री म्हणाली. "तिथून पुढं नगरची गाडी मिळंल ना?"

"मिळंल की. जामखेड एक."

मग खरखर वाढली, आणि शंभर-दीडशे फुटांवर उजवा कान बंद पडला. डाव्या कानात आप्पा रडत होते.

"कट," चेतन म्हणाला, आणि वाडीनं टाळ्या वाजवल्या. बायका डोळे पुसत होत्या. बजरंग म्हणाला, "आप्पा, राजाचं काम केलं त्याच्यापरीस हे झ्याक." आप्पा उपरण्यानं तोंड पुसत हसले, पुन्हा पुसलं, पुन्हा हसले. चेतननं मोटारसायकलला किक मारली आणि फाट्याकडं गेला. प्रज्ञा रेकॉर्डर पोटाशी धरून उभी राहिली. त्या सगळ्या माणसांत तिला एकटीला माहीत होतं, आणि पळायला तिच्याकडं एसटी नव्हती.

चेतन वीस मिनिटांनी एकटाच आला. "फाट्यावर उतरलीच नाही," तो म्हणाला. "फोन बंद आहे. आणि माईक तिच्या कॉलरलाच आहे रे देवा, सोमवारी सर मला सोलतील."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मग रस्त्याकडं बघितलं. प्रज्ञाच्या डाव्या कानात त्यांचा श्वास थांबला आणि सुरू झाला. त्यांना कळलं होतं. पण सभोवती पन्नास माणसं उभी होती, त्यांनीच मुलीला डोक्यावर हात ठेवून बसमध्ये बसवताना बघितलेली, टाळ्या वाजवलेली. गाडी काढून बसमागं धावायचं, तर पोरगी पळाली हे वाडीला ओरडून सांगायचं. आप्पांना जागचं हलता येईना.

"काय झालं आप्पा?" बजरंगनं विचारलं. "पोरगी कुठंय?"

"नगरला गेली," आप्पा म्हणाले, यात्रेतल्या आवाजात. "कालीजात काम हाय तिचं. म्याच घातलं न्हाई का बशीत, तुमच्या म्होरं?"

माणसं हळूहळू पांगली. आप्पा प्रज्ञासमोर येऊन उभे राहिले. "तू सांगितलंस."

"हो आप्पा. गुरुवारी तुम्ही फोनवर बोललात. माईक चालू होता."

आप्पांनी मान हलवली. आता ते जात दाखवल्याचं वाक्य येणार म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलं नाही. ते म्हणाले, "उद्या धाला मानसं येनार. त्येंना काय सांगू, ते हाय का तुज्या मशिनीत?"

प्रज्ञानं रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडं बघितलं.

"अजून चालू हाय का हे?"

"आहे."

"आन् हे ती ऐकंल?"

"एडिटिंगला बसेल तेव्हा सगळं ऐकेल."

आप्पांनी हनुवटी कॉलरला टेकवली. मग ते हळू म्हणाले, मनात बोलल्यासारखं, "धने. आता येऊ नगं."

त्यांनी माईक काढून प्रज्ञाच्या हातात ठेवला.

"आप्पा," प्रज्ञा म्हणाली, "ती मला विचारेल, रागानं म्हणाले की..."

"तिला कळतोय माजा आवाज," आप्पा म्हणाले आणि घराकडं निघाले, गुडघ्यावर हात देत.

प्रज्ञानं रेकॉर्डर बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली. तीन दिवस तो आवाज तिच्या कानात होता. तिला मात्र तो कळला नव्हता.